न सापडलेली एकोणपन्नास घरं

नूपुर त्रिलोकेकर भोईवाड्यातल्या त्या चाळीत पहिल्यांदा गेली तेव्हा ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दादरच्या एका संशोधन संस्थेनं लालबाग-परळचा नमुना म्हणून याच चाळीतली एकशेवीस कुटुंबं निवडली होती. शहर वाढतंय, नवनव्या योजना येतायत, तर त्यातलं गरिबाच्या ताटात किती पडतं हे संस्थेला मोजायचं होतं. आज ही घरं काय खातात, काय कमावतात, आजारी पडल्यावर कुठं जातात हे लिहून घ्यायचं आणि बारा वर्षांनी त्याच घरांत जाऊन पुन्हा तेच विचारायचं, असं ठरलं होतं.

बारा वर्षं झाली आणि संस्थेनं पुन्हा नूपुरलाच बोलावलं. दरम्यान तिची पीएच.डी. अर्धी राहिली होती. सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटांवर ती दिवस काढत होती. गिरगावात वडिलांची स्वतःची जागा होती, म्हणून निभावत होतं.

चाळीचा रस्त्याकडचा भाग पाडून तिथं तेवीस मजल्यांची इमारत उभी राहिली होती. त्या भागातल्या भाडेकरूंना तिच्यात घरं मिळाली होती. मागचा भागही बिल्डरनं पाडला, पण तिथं पत्रे लावून नुसता खड्डा ठेवला. मागच्या लोकांना दुसरीकडं राहायला भाडं मिळायचं, ते दोन वर्षांनी थांबलं. काही जण जवळच्याच संक्रमण शिबिरात शिरले, बाकीचे पांगले. टॅबवरच्या फॉर्ममध्ये अशा घरांसाठी एक खूण होती, ‘सापडले नाहीत’. महिनाभरात एकशेवीसपैकी एकोणपन्नास घरांपुढं ती खूण पडली.

“जे सापडले त्यांच्यावर आकडा काढायचा,” यशोधन म्हणाला. तो या कामाचा प्रमुख होता, आणि विद्यापीठात तिच्या एक वर्ष पुढं.

“पण गरीब होते तेच गेले रे. त्यांना वगळलं तर गरिबी कमी झालेलीच दिसणार.”

“माहितीय मला. अहवालात तळटीप देऊ. एकोणपन्नास घरं शोधत वसई-विरार, बदलापूर फिरायला पैसे कोण देणार? आपली हद्द शिवडीला संपते. हद्दीबाहेरचं घर धरायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलंय.”

तो चुकीचं बोलत नव्हता, त्यामुळं तिला आणखीच त्रास झाला.

संक्रमण शिबिराचं काम कुणालाच नको होतं. जिन्यात सांडपाणी, माणसं दिवसभर कामावर. ते नूपुरनं घेतलं. तिथं गुणाजी सावंत भेटला. मागच्या वेळी तो एका छापखान्यात होता, आता साठी उलटल्यावर एका टॉवरच्या गेटवर बसत होता. तिच्यासाठी त्यानं एक खाडा केला आणि दोन तास बसून सगळं सांगितलं. बायकोच्या डायलिसिसबद्दल, योजनेचं कार्ड असूनही बाहेरून आणाव्या लागणाऱ्या औषधांबद्दल. मधूनमधून तो वाकून विचारायचा, “लिवलंस मां ता?”

निघताना तिनं विचारलं, “नलूकाकू कुठं असतात? प्रधानांच्या?”

“कॉटन ग्रीनला. गोदामांच्या पाठी. नंबर देतंय तुला.”

मागच्या वेळी नलू प्रधान ही एकटीच बाई नूपुरला ‘आधी खा, मग विचार’ म्हणाली होती. नवरा काळबादेवीला एका पेढीत कारकून, मुलगा हेरंब कॉलेजात, घर नीटनेटकं. आता नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. हेरंब वांगणीला राहत होता आणि त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. एका गोदामाच्या भिंतीला टेकून पोटमाळ्यासारखी एक खोली होती, तिच्यात काकू राहत होत्या. रोज सकाळी लालबागच्या पोळीभाजी केंद्रात त्या पोळ्या लाटायला जात.

कॉटन ग्रीन हद्दीबाहेर होतं. हे घर धरलं जाणार नाही, हे माहीत असूनही नूपुरनं टॅब उघडला.

“दूध किती घेता?”

“अर्धा लिटर. रोज.”

“डाळ?”

“रोज असते गं. वरणाशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही.”

“मासे?”

“परवा बुधवारी बोंबील केले होते.”

नूपुर लिहीत गेली. खोलीत तेलकट वास नव्हता, ओट्यावर दुधाचं पातेलं नव्हतं. स्टीलच्या डब्यांना कुणी बरेच दिवसांत हात लावला नसावा. पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“खोड ते,” त्या म्हणाल्या. “बोंबील दिवाळीच्या आधीचे. दूध चहापुरतं, तेही असलं तर. केंद्रात उरलेल्या पोळ्या मिळतात, त्या आणते. कधी गुळाबरोबर, कधी चटणीशी. डाळ आठवड्यातून एकदा.” मग म्हणाल्या, “ह्यांच्या वेळी तू आली होतीस तेव्हा सगळं खरं सांगितलं होतं हो. तेव्हा सांगायला लाज वाटत नव्हती.”

नूपुरनं लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

“हे कुठं जातं?” काकूंनी विचारलं.

“आकडा काढतात. किती लोक गरीब राहिले त्याचा.”

“मग मी त्यात आले ना?”

नूपुर हो म्हणाली. त्या दिवशी घरी जायच्या आधी तिनं फॉर्ममध्ये पत्ता जुना टाकला, भोईवाडा, चाळीतला खोली नंबर. टॅबचं लोकेशन तिनं आधीच बंद केलं होतं. एका घरानं आकडा फारसा हलणार नव्हता. पण ‘हो’ म्हटलं होतं, ते खरं करायचं होतं.

पंधरा दिवसांनी यशोधननं तिला बोलावलं. काही निवडक फॉर्म घरी जाऊन तपासणारा संस्थेचा तपासनीस जुन्या पत्त्यावर जाऊन आला होता. तिथं पत्र्यांमागं खड्डा होता.

“हे काय केलंस नूपुर?”

तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग खिडकीकडं बघत म्हणाला, “बाईंनी दिलेली माहिती खरी असेल, मला शंका नाही. पण एक फॉर्म खोटा निघाला की तो भरणाऱ्याचे सगळे फॉर्म रद्द होतात. मी ठेवतो म्हटलं तरी निधी देणारे ठेवू देणार नाहीत.”

“सगळे म्हणजे?”

“तुझे बेचाळीस.”

नूपुरच्या हळूहळू लक्षात आलं. शिबिरातली सगळी घरं तिच्याच फॉर्मांत होती. “यशोधन, मग उरणार कोण? नव्या इमारतीतलेच ना? ते बेचाळीस पुन्हा भरून घ्या. दुसऱ्या कुणालाही पाठव, मी बरोबर येत नाही.”

“मुदत संपलीय. अहवाल महिन्यात द्यायचाय.”

“मग निदान तळटीपेत लिही.”

“लिहीन,” तो म्हणाला. त्यानं लिहिलंही, बारीक टायपात.

कंत्राट तिथंच संपलं. नूपुर दादरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवू लागली. दोन महिन्यांनी पेपरात बातमी आली: लालबाग-परळमध्ये बारा वर्षांपूर्वी शंभरात एकोणतीस लोक गरीब होते, आता नऊ. विषमताही घटली. विकासाची फळं तळापर्यंत पोचत असल्याचं या पाहणीतून दिसतं, असं कुणीसं म्हटलं होतं. नूपुरनं आपले फॉर्म धरून घरी कागदावर हिशेब केला होता. तिचा आकडा चोवीस येत होता. तो कुणाला दाखवावा, हे तिला कळत नव्हतं. वडिलांना दाखवला. ते चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “पण तू खोटा पत्ता टाकलासच ना.”

रविवारी ती कॉटन ग्रीनला गेली. काकू जमिनीवर बसून पाय चोळत होत्या. लाटताना दिवसभर उभं राहून पायांना सूज येत होती. नूपुरनं सगळं सरळ सांगितलं, काही गाळलं नाही.

“म्हणजे माझ्यापायी तुझं काम गेलं.”

“तुमच्यामुळं नाही काकू. मीच केलं.”

काकूंनी दुसरा पाय पुढं घेतला. मग विचारलं, “आणि गुणाजीचं? त्याचंही धरलं नाही?”

“नाही. शिबिरातलं कुणाचंच नाही.”

“त्यानं खाडा केला होता. मला फोन करून सांगत होता, बाई सगळं लिहून घेऊन गेली म्हणून.” त्यांनी साडी घोट्यांवर ओढून घेतली. “त्याला सांगणार आहेस?”

“सांगायला हवं.”

“नको सांगूस. बायको गेल्या आठवड्यात गेली त्याची.”

नूपुर उंबऱ्याशीच बसली. गोदामात पोती उतरवणाऱ्यांचे आवाज भिंतीतून येत होते. काकू चहाचं विचारायला तोंड उघडतील असं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही, आणि तिलाही ते बरंच वाटलं. थोड्या वेळानं ती उठली आणि चप्पल घालून शिबिराच्या दिशेनं चालू लागली. गुणाजीला भेटायला जायलाच हवं होतं. काय बोलायचं, ते भोईवाडा येईपर्यंत ठरलं नव्हतं.