सात नंबरचा चिमटा

"सॉरी, सॉरी! माझाच हात चुकला!" असं ओरडत आ फाय गवतातून धावत होता. कथिलाच्या जुन्या खाणीचं जे तळं आहे, त्याच्या काठाशी त्याचं रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर कुशीवर पडून अजून तडफडत होतं. एक पातं मोडून लांब उडालं होतं आणि उरलेलं माती खणत होतं. मग इंजिन बंद पडलं. अशी हेलिकॉप्टरं उडवायला मैदानावर जमलेली वीसेक माणसं जागच्या जागी बघत होती.

हा आ फाय म्हणजे माझा नवरा. फूंग कोक फाय, वय चौपन्न, इपोह शहरात घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचणारा. सॉरी हा त्याच्या तोंडात कायम तयार असलेला शब्द. बिल जास्त आलं म्हणून बायका त्याच्यावर खेकसतात, तो सॉरी म्हणतो. फाटकातून कुत्रा अंगावर येतो, तो कुत्र्याला सॉरी म्हणतो. आमच्या लग्नात फोटोवाल्याने फिल्म न भरताच दिवसभर फोटो काढले, तेव्हाही फोटोवाल्याला सॉरी म्हणणारा हाच.

पण त्या रविवारी त्याचा हात चुकला नव्हता. मी बोर्डाशेजारीच बसले होते आणि सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोर्डाचं सांगते. आमच्या मैदानावर प्रत्येकाच्या रिमोटला एक नंबर असतो. एका नंबरचे दोन रिमोट एकाच वेळी चालू झाले, की हवेतलं हेलिकॉप्टर वेडं होतं आणि खाली येतं. म्हणून या बोर्डाच्या फळीवर लाकडी चिमटे लावलेले असतात, कपडे वाळत घालायचे असतात ना, तेच. प्रत्येकावर रंगाने नंबर काढलेला. उडवायच्या आधी आपल्या नंबरचा चिमटा काढायचा, आपल्या रिमोटच्या एरियलला लावायचा आणि मगच रिमोट चालू करायचा. चिमटा फळीवर नसेल तर गप्प बसायचं, कॉफी प्यायची. एवढा साधा नियम. शेंबडं पोरसुद्धा पाळतं.

त्या दिवशी सात नंबरचा चिमटा आ फायच्या एरियलला होता आणि तो दोन वर्षांत पहिल्यांदाच हेलिकॉप्टरचं नाक स्वतःकडे वळवून उडवत होता.

ही गोष्ट काय असते ते मला बाहेरच्या कोणाला सांगता येत नाही. हेलिकॉप्टरची शेपटी आपल्याकडे असते तोवर आपलं डावं ते त्याचं डावं. पण नाक आपल्याकडे वळलं की सगळं उलटं होतं. ते डावीकडे घसरलं म्हणून तुम्ही घाबरून नेहमीच्या सवयीने सावरायला गेलात, की ते आणखीच घसरतं. पुष्कळ लोक या पायरीला येऊनच हा नाद सोडतात. आ फायने सोडला नाही. आरोक्यम अंकल त्याच्या खांद्यामागे उभे राहून दर रविवारी सांगायचे, "त्याच्या जागी बसून बघ रे, स्वतःच्या जागेवरून नको." हे अंकल रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले. मैदानावरचे नियमही त्यांचे, आणि आ फायला शिकवलं तेही त्यांनीच.

तर त्या दिवशी ते वळलं. हळूहळू वळून नाक आमच्याकडे करून हवेत उभं राहिलं. अंकलनी कमरेवरचे हात खाली सोडले. आणि माझा नवरा हसला. माणूस एकटा असताना हसतो तसा हसला.

तेवढ्यात डातुक चोंग आला. हा डातुक म्हणजे सुलतानाकडून पदवी मिळालेला माणूस, आणि ते मैदानही त्याच्याच मालकीचं. आमच्याकडून एक छदाम घेत नाही, हे तो दर महिन्याला एकदा तरी ऐकवतो. बरोबर दोन पाहुणे होते. त्यांना नवं यंत्र दाखवायचं म्हणून त्याने माझ्यासमोरच्या टेबलावर पेटी उघडली, रिमोटची एरियल ओढली आणि बटण दाबलं. फळीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याचाही नंबर सातच.

टेबलावरच्या त्याच्या यंत्राचे सांधे टकटक हलले आणि त्याच क्षणी तळ्याजवळचं आ फायचं हेलिकॉप्टर झटका खाऊन आडवं झालं.

डातुकने बटण बंद केलं, एरियल आत ढकलली आणि पेटीचं झाकण लावलं. इतक्या सफाईने की जणू काही तो कधी आलाच नव्हता.

नियम असा आहे, की ज्याने चिमट्याशिवाय रिमोट चालू केला, त्याने बोर्डापाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मी पाडलं." बस, दोन शब्द. आरोक्यम अंकलनी स्वतः एकदा म्हटले होते, भर मैदानात, आणि त्यांची मान काही तुटून पडली नाही.

मी उठून उभी राहिले. "डातुक, तुमच्या रिमोटला चिमटा कुठे होता?"

"काय म्हणालात वहिनी?"

"चिमटा. सात नंबरचा. तुम्ही आत्ता रिमोट चालू केलात, माझ्या नाकासमोर."

"अहो, शिकाऊ माणसाचं हेली पडायचंच," तो पाहुण्यांकडे बघून म्हणाला. "हीच तर मजा आहे. काय अंकल?"

मी अंकलकडे पाहिलं. अंकल बुटाच्या टोकाने गवत उकरत होते. बाकीच्यांना अचानक आपापली इंजिनं पुसायची आठवण झाली. तेवढ्यात मोडका सांगाडा छातीशी धरून आ फाय आला आणि मलाच म्हणाला, "पेंग, गाडीत बस."

गाडीत मी बसले, पण गप्प बसले नाही.

"चोर तो चोर वर शिरजोर! आणि तू त्यालाच सॉरी म्हणतोस?"

"त्याला नाही म्हटलं. सगळ्यांना म्हटलं."

"तुला ठाऊक आहे का त्याने काय केलं ते?"

त्याने गाडी सिग्नलला थांबवली. "रिमोटची काठी मध्यावर होती, पेंग. मी ती कुठेच ढकलली नव्हती आणि ते तरी पडलं. असं एकाच कारणाने होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"मैदान त्याचं आहे. त्याला बोललो तर उद्या फाटकाला कुलूप. अंकलनी कुठे जायचं? त्यांना रविवार सोडला तर आहे काय?"

"आणि तुझं काय रे? दोन वर्षं खपून शिकलास, आणि सगळे म्हणणार की याला जमत नाही."

"मला माहीत आहे ना, जमलं ते."

"तुला माहीत असून काय लोणचं घालायचंय?"

तो हसला. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी घरी जाऊन दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि वर हसायचं! शिवाय तो रात्री जेवताना स्वतःच्या हातांकडे बघत बसायचा. माहीत आहे म्हणत होता खरा, पण माहीत असलेलं दुसऱ्या कोणीतरी म्हणावं लागतं. नाहीतर हळूहळू आपलाच आपल्यावर विश्वास उरत नाही. हे मला त्याच्या बोटांवरून कळत होतं.

पुढच्या रविवारी तो मोडक्या यंत्राशिवाय निघाला. मी नारळाच्या दुधातल्या भाताच्या, मिरचीची चटणी घातलेल्या पुड्या बांधून बरोबर गेले, कारण त्याला एकट्याला त्या लोकांत सोडायची माझी तयारी नव्हती.

डातुक आमच्या आधीच आला होता. बोर्डाखालच्या टेबलावर चमकत्या कागदात गुंडाळलेली भलीमोठी पेटी होती. सगळ्यांना गोल उभं करून त्याने भाषण ठोकलं.

"आपल्या आ फायचं हेली गेलं. वाईट झालं. पण मी म्हटलं, माझ्या मैदानावर कोणी रडायचं नाही. हे घे, नवंकोरं, माझ्याकडून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो रंगात आला. "फक्त एक ऐक माझं. हात मीटरवाल्याचे आहेत, त्यांना पेन्सिलीची सवय. ते नाक वळवायचं खूळ सोड. शेपटी आपल्याकडे ठेवून उडव जन्मभर. काय बिघडतं? सुखात राहशील."

लोक हसले. अंकलही हसले, थोडेसेच, पण हसले. मी पुड्यांची पिशवी इतकी घट्ट धरली की एक पुडी फुटून तिखट माझ्या बोटांना लागलं.

आ फाय पुढे झाला. आमच्यात भेट दोन्ही हातांनी घेतात. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि पेटीवर ठेवले. मला वाटलं, झालं, आता सॉरीबरोबर थँक्यू पण येणार.

"डातुक," तो म्हणाला, "पेटी छान आहे. पण माझं हेली पडलं नव्हतं. तुम्ही पाडलंत."

"काय?"

"मी नाक वळवलं होतं. ते उभं होतं. अंकलनी बघितलं. मग तुम्ही रिमोट चालू केलात." त्याचा आवाज चढला नव्हता, मीटरचा आकडा सांगावा तसा तो सांगत होता. "बोर्डापाशी या आणि म्हणा. मग मी पेटी घेईन, नाही दिलीत तरी चालेल. पण म्हणा."

डातुकचा चेहरा लाल झाला. "एवढं नवंकोरं यंत्र देतोय, आणि तुला शब्द पाहिजे?"

"हो."

डातुकने सगळ्यांकडे पाहिलं. एकाने तरी तोंड उघडावं म्हणून मीही सगळ्यांकडे पाहिलं. डातुकने पेटी स्वतः उचलली, गाडीत टाकली आणि धूळ उडवत निघून गेला. कोणी भात खाल्ला नाही. सगळ्या पुड्या आम्ही घरी आणल्या आणि रात्री त्याच खाल्ल्या. आ फायने दोन जास्त खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात मैदानाच्या फाटकाला साखळी आली.

मग फोन सुरू झाले. कोणी समजुतीने बोललं, कोणी वैतागून. एका शहाण्याने मला सांगितलं, "वहिनी, तुमच्या मिस्टरांच्या हट्टापायी वीस माणसांचा रविवार गेला." मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डातुकला कोणी फोन केला नाही. साखळी ज्याने लावली त्याला कोणी हट्टी म्हटलं नाही. जगात हट्टी फक्त मीटरवाले असतात!

शेवटी आरोक्यम अंकल आले. मोटरसायकल बाहेर लावून, बायकोने केलेल्या चकल्यांचा डबा घेऊन ओसरीवर बसले. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हणाले, "फाय, एकदा म्हणून टाक. सॉरी म्हणायला तुला काय लागतं? कुत्र्यांना म्हणतोस."

"कुत्र्यांना काही कळत नसतं, अंकल. ते खोटं बोलत नाहीत."

"मी काय त्याची बाजू घेतोय का? पण माझं वय बघ. नवीन मैदान कोण शोधणार, कधी शोधणार?"

मला राहवेना. "अंकल, तुम्ही बघितलं होतं की नाही?"

ते चकलीचा तुकडा बोटात फिरवत राहिले.

"बघितलं होतं की नाही तेवढं सांगा."

"बघितलं होतं."

"नियम तुमचा. मग त्या दिवशी तोंडाला काय कुलूप होतं?"

"मैदान त्याचं आहे, पेंग," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. मला दया यायला हवी होती, पण आली नाही. ते त्या दिवशी एक शब्द बोलले असते तर डातुक घाबरला असता, नक्की घाबरला असता. मी उठले, आत गेले आणि कॉफी करायला ठेवली. पाहुणा तो पाहुणा. पण कप आपटले, आणि साखर अंकलना लागते त्याच्या निम्मीच घातली.

मागून आ फाय घरात आला. मी म्हटलं, "काय ठरलं? म्हणणार सॉरी?"

"नाही," तो म्हणाला. त्याने कपाटावरून रिमोट काढला आणि परत बाहेर गेला.

मी स्वयंपाकघराच्या बाजूच्या दाराने ट्रे घेऊन आले तेव्हा तो अंगणाच्या मधोमध उभा होता. एरियल पूर्ण बाहेर ओढलेली. समोर हेलिकॉप्टर नव्हतं, काहीच नव्हतं. पपईचं झाड आणि शेजाऱ्याची भिंत. तो डोक्याएवढ्या उंचीवर हवेत नजर रोखून होता आणि त्याचे दोन अंगठे काठ्यांवर जेमतेम हलत होते. अंकल ओसरीवरून बघत होते. आधी त्यांना वाटलं असावं की हा त्यांना घालवून देण्याचा प्रकार आहे, कारण ते टोपी घेऊन उठले होते. पण पायरीवरच थांबले. त्यांची नजर आ फायच्या अंगठ्यांवर होती.

"शेपटी जातेय," ते म्हणाले.

"हो."

"आवर."

"आवरली."

"आता वळव. घाई नको."

आ फायचा डावा अंगठा केसभर सरकला. त्याचे डोळे हवेतल्या त्या जागेवरून हलले नाहीत. मी ट्रे घेऊन सरळ अंगण ओलांडून ओसरीकडे निघाले होते.

"पेंग, तिथून नको," तो म्हणाला. "पात्यांखाली येशील."

मला अजून राग होता, अंकलचा, डातुकचा, त्या वीस जणांचा. तरी मी थांबले, आणि कॉफी सांडू न देता पपईच्या झाडामागून वळसा घालून गेले.