मोज्यातून गादीखाली

"लागली पैज!" असं दाजी म्हणाले, आणि माझं वाटोळं झालं.

मी त्यांचा पासपोर्ट बोलतोय. सध्या हॉटेलातल्या एका गादीखाली आहे, तेव्हा आवाज दबका वाटला तर समजून घ्या. गादीवर दाजींची बायको बसलीय. बाईंच्या वजनाबद्दल मी काही बोलणार नाही. सरकारी माणूस आहे मी, तोंड सांभाळावं लागतं.

तसा माझा जन्म चांगल्या घरचा. थंडगार छापखाना, हातमोजे घातलेली माणसं, अंगावर सोनेरी ठसा. वाटलं, आता काय, ढगातून फिरायचं आणि ऐटीत जगायचं! आलो कुठे, तर दाजींच्या हार्डवेअरच्या दुकानात. त्यांनी खिळे तोलता तोलता पाकीट फाडलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि माझं एकेक पान उलटून पाहिलं. शी! पहिली ओळख ही. मग कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी जी रवानगी झाली, ती दाजींची लेक परदेशात बाळंत होईपर्यंत. मधे एकदा त्या कपाटातून बाहेर काढलं, ते व्हिसाचा कागद चिकटवायला. तेवढीच हवा.

नात झाली म्हटल्यावर दाजींनी दुकानाला चक्क कुलूप लावलं. सोबत बाई आणि बाईंचा धाकटा भाऊ. हा मेहुणा म्हणजे एक नंबरचा नग. लग्नात दाजींच्या चपलेत गोंद ओतलेला, तो हाच.

घरात बॅगा भरताना मेहुण्यानं विचारलं, "दाजी, पासपोर्ट कुठे ठेवणार?"

"मोज्यात."

"मोज्यात?"

"दुकानाचा गल्ला मी रोज मोज्यात घालून घरी आणतो. आजवर कोणाच्या बापाची हिंमत झाली नाही."

"कशी होईल? जवळ आला तर चक्कर येऊन पडेल ना चोर! अहो, शर्टाच्या आतून बांधायचं पाकीट मिळतं. झेरॉक्स काढा, ती वेगळ्या बॅगेत टाका. एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा."

"तू मला अक्कल शिकवू नकोस."

"बरं. मग लावा पैज. लेकीच्या दारात पोचेपर्यंत पासपोर्ट मोज्यातच. आणि मोजा बदलायचा नाही!"

शहाण्या माणसानं हसून सोडून दिलं असतं. दाजींनी मांडीवर थाप मारली.

पुढचं काय सांगू? मोज्यातलं जग तुम्ही पाहिलेलं नाही, देवाची कृपा समजा. अंधार, चिकचिक आणि तो वास! ओल्या घोंगडीत मेलेला उंदीर गुंडाळून उन्हात ठेवा, तरी त्या उंदराला लाज वाटेल. विमानतळावर खिडकीतल्या बाईनं मला मागितलं, तेव्हा दाजींनी सगळ्या रांगेसमोर बूट काढला, मोजा खाली ओढला आणि मला बाहेर खेचून तिच्यापुढे धरलं. ती खुर्चीसकट मागे सरकली. मग पेनाच्या टोकानं माझी पानं उलटली आणि नंतर ते पेनही कचऱ्यात टाकलं. शिक्का मात्र मारला. मागची रांग नाकाला रुमाल लावून उभी. मेहुणा म्हणाला, "मी यांना ओळखत नाही."

मधल्या देशात पुढचं विमान रद्द झालं. कंपनीनं आम्हाला या हॉटेलात आणून टाकलं. दाजी आंघोळीला गेले, मोजा खुंटीवर लटकवला, आत मी. बाईंनी नाक दाबून मला चिमटीत उचललं. वाटलं, सुटलो! कसला सुटलो? त्यांनी मला बेसिनमध्ये धरलं, साबण लावला आणि शर्टाची कॉलर घासावी तसं घासलं. पावडर शिंपडली. मग घडी मोडू नये म्हणून पँट जशी गादीखाली घालतात, तसं मला गादीखाली सरकवलं. मोज्यात माझ्या जागी हॉटेलचं जाड माहितीपत्रक दुमडून ठेवलं. वाळलो की गुपचूप परत ठेवायचा त्यांचा बेत होता.

पण खालून निरोप आला. विमान मिळालं, गाडी दारात आहे, ताबडतोब निघा. बाईंनी गादी उचलून मला उघडलं. आधीच्या शिक्क्याची शाई पानभर पसरलेली. बाई पांढऱ्याफटक पडल्या. मला पुन्हा खाली ढकललं आणि वर बसल्या, त्या बसल्याच.

मला ओरडून सांगायचंय, बाई, माझं काही बिघडलं नाही! फोटोचं पान प्लास्टिकचं आहे, व्हिसा जागेवर आहे, नंबर ठणठणीत आहे. शाई तेवढी पसरलीय. पण आमचं कोण ऐकतं?

इकडे दाजींनी मोजा चाचपला, तर हातात माहितीपत्रक.

"आण इकडे!" ते मेहुण्यावर ओरडले.

"काय आणू?"

"पासपोर्ट! तुझ्याशिवाय असले धंदे कोण करतं?"

"दाजी, आईशप्पथ, त्या मोज्याला मी काठीनंसुद्धा शिवणार नाही."

बॅगा उलट्या झाल्या. मेहुण्याचे खिसे, बूट, दाढीच्या सामानाची पिशवी, सगळं झाडून झालं. दाजींनी त्याची कॉलर धरली. "आजपासून तू माझा कोणी नाहीस." नेहमी पटकन उलट बोलणारा तो नग उलटे झालेले खिसे आत ढकलू लागला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

माणसांनो, हात जोडता आले असते तर जोडले असते. मला शर्टाच्या आतल्या पाकिटात ठेवा. खोलीतल्या तिजोरीत ठेवा. झेरॉक्स वेगळी ठेवा. पण मोज्यात नको, आणि पाण्यात तर नकोच नको! आम्हालाही नाक आहे.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. दाजी मटकन खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

"तुम्ही दोघं जा. मी इथल्या आपल्या वकिलातीत जातो. कागद मिळाले की येईन. पोरीला सांगा, बाप येतोय म्हणावं. बाळाला... राहू दे. जा तुम्ही, विमान चुकेल."

माझ्यावरचं ओझं हललं. गादी उचलली गेली, उजेड आला.

"त्याला दोष देऊ नका," बाई म्हणाल्या. "मी धुतला."

"काय धुतलं?"

"हा. साबण लावून."

दाजी खुर्चीतून उठले. "अगं, पण का?"

बाईंनी मला पदरानं पुसलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "अहो, याच हातांनी नातीला उचलणार होता ना?"