वाकडी शिलाई

परदेशी कंपनीनं शर्टांचा कारखाना काढला आणि शाळेच्या वरच्या वर्गांत मुलींचे बाक ओस पडू लागले. दहावी झाली की मुलगी मशीनवर आणि मुलगा कॉलेजात, असा सोयीचा रस्ता घरोघरी निघाला.

भरतीची चाचणी घेणाऱ्या सुपरवायझर ताई त्याच रस्त्यानं आलेल्या. त्याला अठरा वर्षं झाली. कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण साहेबाच्या काचेच्या केबिनमध्ये दरवेळी कुणीतरी कालचं पोर येऊन बसे. त्याच्याकडे पदवी असे, एवढंच.

त्या दिवशी एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आला. त्याचा मुलगा बारावीला दोनदा आपटला होता, म्हणून तिसऱ्यांदा बसणार होता. मुलगी दहावीला शाळेत पहिली आली होती, म्हणून तिचं शिक्षण पुरे झालं होतं!

"घरी डोळे झाकून शिवते," शिंपी कौतुकानं म्हणाला.

मुलीनं कापडाची पट्टी मशीनखाली सरकवली. शिलाई आली ती नागमोडी. ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या, मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं. दर सातव्या टाक्याला वळण, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि सगळी वळणं अगदी सारखी. नवशिक्याचा हात असा चुकत नाही. एवढं नेमकं वाकडं शिवायला मुरलेला हात लागतो.

मुलगी ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत होती. सोळाव्या वर्षी ताईंनी शाबासकीसाठी जीव ओतून सरळ शिवलं होतं. चुकायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"नापास," त्या म्हणाल्या.

"काय सांगता!" शिंप्यानं पट्टी हिसकावली, शिलाईवरून बोट फिरवलं आणि वळणांमधले टाके मोजले. तीस वर्षं मशीन चालवणाऱ्याला कोण शेंडी लावणार?

"ताई, हे तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"आलं की."

"मग?"

"तिला कंपनीत यायचंच असेल तर त्या केबिनमध्ये येऊ दे. तिथं शिलाई बघत नाहीत."

शिंपी मुलीकडे वळला. "घरी तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं, बाबा. चार वेळा."

शिंप्यानं पट्टीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"कॉलेजचा फॉर्म कधीपर्यंत भरायचाय?"

"आज. पाचपर्यंत."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजून गेले होते.

"मग चपला घाल की! उभी काय राहिलीस?"