चोवीसच्या जागी बारा

मी इन्सुलिनची काचेची सिरिंज बोलतेय. माझ्या अंगावर बारीक काळ्या रेघा आहेत. औषध किती भरायचं ते त्यांवरून ठरतं. १९७१ साली कर्जतच्या एका दुकानातून, पत्र्याच्या डबीत निजून मी खोपोलीजवळच्या एका गावात चंद्राबाईच्या घरी आले.

तिला साखरेचा आजार. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं : रोज सकाळी चोवीस रेघा, जन्मभर. ती मला पातेलीत उकळायची, माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली बाटली काढायची आणि मांडीत टोचून घ्यायची. मग चुलीकडे वळायची. नवरा रामभाऊ खोपोलीच्या एका कारखान्यात होता आणि औषधाचा खर्च कारखाना देत असे. त्यामुळे बाटली संपली की दुसरी येई, कोणी तिचा विचारही करत नसे.

तीन वर्षांनी कारखान्याला टाळं लागलं. रामभाऊ मिळेल ते काम करू लागला. कधी ठाकुरवाडीला रुळांखाली खडी टाकणं, कधी बाजारात हमाली.

एका सकाळी चंद्राबाईने माझा दट्ट्या ओढला आणि बाराव्या रेघेवर थांबली. मला वाटलं, चुकली असेल. दुसऱ्या दिवशीही बाराच. पंधरवड्याची बाटली महिना पुरू लागली. घरात हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

"बाटली हाय ना गं?" रामभाऊ विचारायचा.

"हाय अजून. तुमी जेवा."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. तेवढ्यासाठीच ती खोटं बोलत असावी.

ती वाळत गेली. घागरभर पाणी पिऊनही तिचा घसा कोरडाच. मग नजर अंधुक झाली. माझ्या रेघा तिला दिसेनात. शेवटी तिने मला रामभाऊच्या हातात दिलं.

"किती भरू?"

"बारा."

त्याने फळीवरचा डॉक्टरांचा कागद काढून खिडकीपाशी नेला. त्यावर चोवीस लिहिलं होतं.

"कधीपासनं?"

"भात लावलं तवापासनं."

"मला सांगायचं नाय?"

"सांगून काय केलं असतं तुमी? आणखी हमाली केली असती. पाठ बघितलीय का आपली?"

त्याने चोवीस रेघा भरल्या. टोचायला तिनेच त्याचं मनगट धरून सुई मांडीपाशी नेली.

दुसऱ्या दिवशी तो कर्जतला डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी मुंबईच्या एका धर्मादाय ट्रस्टला पत्र लिहिलं आणि मदत मिळाली, पण सहा महिन्यांची. दर सहा महिन्यांनी, आजार अजून आहे असा दाखला आणायचा. ट्रस्टने नेमलेले एक गृहस्थ खालापुरात बसत, त्यांच्या सहीसाठी रोग्याला समक्ष न्यायचं. अंधुक नजरेने चंद्राबाई एसटीच्या पायऱ्या चाचपत चढायची. मी तिच्या पिशवीत असायचे.

"पुन्हा आलात? अजून बऱ्या नाही झालात?" ते गृहस्थ विचारत.

पहिल्यांदा ती खाली मान घालून बसली. चौथ्यांदा म्हणाली, "सायेब, बरी झाले तर पेढे घेऊन येईन. आज सही द्या."

एकदा ते गृहस्थ गावी गेले आणि सही तीन आठवडे लांबली. त्या खेपेला बाटली वेळेवर आली नाही आणि तिच्या पायाला झालेली जखम चिघळली. करंगळी गेली.

त्यानंतरच्या अर्जावर 'बरे होण्यास किती अवधी लागेल' या रकान्यात रामभाऊने लिहिलं, 'ती आहे तोवर औषध लागेल. औषध आहे तोवर ती आहे.' गृहस्थांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि ट्रस्टला वेगळं पत्र लिहिलं. तेव्हापासून दाखला वर्षातून एकदाच लागतो. एवढंच झालं, पण दोघांना ते फार वाटलं.

आता १९८४ आहे. माझा दट्ट्या अडकतो, काचेला चीर गेलीय. माझ्या जागी नवी सिरिंज आलीय. चंद्राबाई जिवंत आहे, दमलेली आहे. मीही दमलेय.

जाता जाता एकच मागणं. तुमच्या घरात रोज औषध घेणारं कोणी असेल, तर बाटली आहे का, एवढं विचारून जेवायला बसू नका. ती इतके दिवस कशी पुरली, तेही विचारा.