मोडायची खुर्ची

"मोडणारी?" सुतारकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "की मोडलेली? मोडलेल्या मागच्या अंगणात ढीगभर पडल्यात. हवी ती ने."

"मोडलेली नको, काका. धडधाकट दिसली पाहिजे. आमचा गाणारा ती उचलणार, डोक्यावरून फिरवणार आणि जमिनीवर आपटणार. तेव्हा तिचे तुकडे व्हायला हवेत. आधी नाही, नंतर नाही. तेव्हाच."

एवढं बोलून त्या मुलीने आपली वही त्यांच्या टेबलावर, रंध्याशेजारी उघडली. पानभर चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत काड्यांची माणसं. एक काडी गिटार वाजवत होती, एक ड्रमच्या मागे बसली होती आणि सोळाव्या चौकटीत एका काडीने खुर्ची उचलली होती. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. गाण्याचा व्हिडिओ हा तिचा वर्षाचा प्रकल्प, आणि ती त्याची दिग्दर्शक. तिच्या जॅकेटवर आठ-दहा सेफ्टी पिना लावलेल्या होत्या, त्याही काही फाटलेलं नसताना. काकांनी मनातल्या मनात तिचं नाव टाचणी ठेवून टाकलं.

"कसलं गाणं आहे?"

"पॉप-पंक."

"म्हणजे?"

टाचणीने थोडा विचार केला. "म्हणजे राग आलेला असतो, पण उड्या मारत."

"मग आमच्या हिच्या रागासारखा नव्हे," काका म्हणाले. "शब्द काय आहेत?"

तिने हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात वाचून दाखवलं, "खाली बस, गप्प बस, सरळ बस, मागे बस. नाही बसत, जा!" मग मान वर करून म्हणाली, "लहानपणापासून सगळे बसायलाच सांगतात ना. म्हणून खुर्ची."

काकांना हे जरा लागलंच. एकतीस वर्षं या कॉलेजात त्यांनी बसायच्या वस्तूच केल्या होत्या. वर्गातल्या, ग्रंथालयातल्या, प्राचार्यांच्या खोलीतल्या. प्रत्येक खुर्ची तयार झाली की ती उलटी करून बैठकीच्या फळीखाली पेन्सिलीने नंबर टाकायचा, ही त्यांची सवय. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी कधी वाकून पाहिलंही नव्हतं. शेवटचा नंबर होता दोन हजार एकशे बारा, तोही सहा वर्षांपूर्वीचा. त्यानंतर कारखान्यातून प्लास्टिकच्या खुर्च्या यायला लागल्या आणि काकांच्या वाट्याला उरली ती डागडुजी. या महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. या खोलीत झेरॉक्स मशीन येणार होती. तिच्यासाठी खोलीची मापं घ्यायला माणूस येऊनही गेला होता, आणि मापं घेताना त्याने काकांचीच टेप मागून घेतली होती.

सहा वर्षांनी कुणीतरी नवी खुर्ची मागायला आलं होतं, आणि तेही मोडायला.

"दोन लागतील," टाचणी म्हणाली. "एक बिघडली तर दुसरी. हॉल शुक्रवारी फक्त चार वाजेपर्यंत आहे, नंतर परीक्षेची बाकं लावायचीत. कॅमेराही त्याच दिवशी परत द्यायचा. ती खुर्ची मोडली नाही तर माझ्याकडे शेवटच नाही, काका. आणि शेवट नसेल तर वर्ष गेलं."

"मोडेल," काका म्हणाले. "शब्द दिला."

शब्द देऊन बसले खरे, पण खुर्ची मोडते कशी हे आपल्याला ठाऊकच नाही, हे त्यांच्या संध्याकाळी लक्षात आलं. मोडलेल्या खुर्च्या त्यांनी हजारो पाहिल्या होत्या, पण त्या जोडायच्या नजरेने. दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर ते मागच्या अंगणातल्या ढिगाऱ्यात शिरले आणि एकेक पाय, एकेक पाठ उचलून निरखायला लागले. शिपाई जाता जाता म्हणाला, "काका, काही हरवलंय का?" काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांना एक शोध लागला होता. बसणाऱ्याच्या वजनाने खुर्ची मोडतच नाही. ती मोडते मागच्या दोन पायांवर झुलणाऱ्यांमुळे, आणि दर वेळी एकाच जागी, बैठक जिथे मागच्या पायाला मिळते तिथे. एकतीस वर्षं ते त्याच जागी सरस भरत आले होते आणि का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना आपलीच गंमत वाटली.

घरी बायकोला हे सगळं सांगितलं तेव्हा ती भांडी विसळायची थांबली.

"तुम्ही मोडणार? अहो, आयुष्यात साधी कपबशी मोडली नाहीत तुम्ही."

"शिकतोय आता."

"या वयात?" ती हसली. "शिका. पण घरातल्या खुर्च्यांवर शिकू नका. एक आधीच डुगडुगतेय, तिच्याकडे बघायला तुम्हाला वेळ नाही."

पुढचे तीन दिवस काका सकाळी अर्धा तास आधी येत होते. खोक्यांचं हलकं लाकूड घेतलं, त्याला गडद रंग दिला. सांधे सैल ठेवले. मागच्या पायांना आतल्या बाजूने, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, करवतीने अर्धवट चिरा दिल्या. पहिली खुर्ची उचलताच हातात पाठ आणि जमिनीवर बाकीचं, अशी गत झाली. ते बघायला नेमकी टाचणी हजर होती. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दुसऱ्या खेपेला चीर कमी केली. तिसऱ्या खेपेला खुर्ची डोक्यावरून फिरली आणि जमिनीला लागताच चारी पाय चार दिशांना गेले. काकांनी स्वतः आपटली होती ती. आपटल्यावर दाराकडे बघून घेतलं, कुणी रागावतंय की काय म्हणून.

मग गुरुवारी त्यांनी तशाच दोन केल्या. फळीखाली नंबर मात्र टाकला नाही. पेन्सिल कानावरून काढलीही होती, पण जी उद्या राहायचीच नाही तिला नंबर कशाला, म्हणून परत ठेवून दिली.

शुक्रवारी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि काका बघतच राहिले. मुलांनी खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. गिटारींच्या वायरी कशालाच जोडलेल्या नव्हत्या, नुसत्या जमिनीवर सोडून दिल्या होत्या. ड्रम वाजवणारी मुलगी झांजांना आतून फडकी बांधत होती.

"आवाजच यायचा नाही, तर वाजवता कशाला?" काकांनी विचारलं.

"आवाज आधीच रेकॉर्ड केलाय," टाचणी म्हणाली. "पण हात खरे दिसायला हवेत."

हे काकांना एकदम पटलं. त्याहून नवल पुढेच होतं. खुर्चीच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने लावायचं, गाणाऱ्याने दुप्पट वेगाने तोंड हलवायचं. मग चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ नेमके जुळतात आणि खुर्ची सावकाश फुटताना दिसते. काकांनी हे दोनदा समजावून घेतलं आणि तिसऱ्यांदा ड्रमवालीला स्वतःच समजावून सांगितलं. गाणारा सहा फूट उंच आणि अंगाने काडी, वहीतल्यासारखाच. चिमण्या भांडाव्यात तसं गाणं सुरू झालं, तो भराभर ओठ हलवत नाचायला लागला आणि काकांना हसू आवरेना. टाचणीने त्यांना बोट ओठांवर ठेवून दटावलं.

पावणेतीनला खुर्चीची पाळी आली.

काका दाराशी उभे होते. हॉलमध्ये ते नेहमी दाराशीच उभे राहात. गाणाऱ्याने खुर्ची उचलली, डोक्यावरून फिरवली आणि आपटली. धप्प आवाज झाला. खुर्ची उडी मारून बाजूला पडली, होती तशी.

"पुन्हा!" टाचणी ओरडली.

गाणाऱ्याने पुन्हा आपटली. पाचव्या वेळी त्याच्या मनगटातून कळ गेली आणि तो हात झटकत खाली बसला. खुर्चीला ओरखडा उठला होता, तेवढाच. कॅमेऱ्यामागचा चष्मेवाला म्हणाला, "भारी खुर्ची आहे, काका," आणि तो बिचारा मनापासून म्हणाला होता. दुसरी खुर्ची आणली. दोनदा आपटून तीही तशीच राहिली.

टाचणी वही छातीशी धरून घड्याळाकडे बघत राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी दुसरी खुर्ची उलटी केली, आतल्या चिरेवरून अंगठा फिरवला. चीर बुजली होती. सांधेही भरलेले होते.

काल संध्याकाळी ग्रंथालयाचं स्टूल जोडून झालं होतं. ब्रशला थोडा सरस उरला होता. झेरॉक्स मशीन भिंतीला लावणार की खिडकीला, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं. समोर दोन खुर्च्या उघड्या सांध्यांनी उभ्या होत्या. हाताने आपलं काम केलं होतं. एकतीस वर्षं जे केलं तेच.

"माझी चूक," काका म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "सरस लावला मी. लावायचा नव्हता, लावला."

"तीन वाजून पाच झालेत," टाचणीचा आवाज चिरकला. "काय करायचं?"

"ही खुर्ची अशी धर. गच्च धर. मांडीला टेकव हवं तर."

ते करवत आणायला गेले तेव्हा चालले नाहीत, पळाले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस कॉरिडॉरमधून पळताना बघून मुलांनी वाट सोडली. परत येऊन ते हॉलच्या मधोमध गुडघ्यांवर बसले, शूटिंगच्या दिव्यांच्या उजेडात, आणि सरस भरलेल्या चिरा पुन्हा उघडायला लागले. घाई चालणार नव्हती. केसभर जास्त गेली तर खुर्ची उचलतानाच सुटेल आणि पहिली चिरून घ्यायला वेळ उरणार नव्हता. एका पायाला चीर देऊन झाली की ते कान लावून लाकडावर टिचकी मारत. आवाज भरीव आला की आणखी थोडी करवत. टाचणी दर टिचकीला डोळे मिटून घेत होती.

"घाबरलीस?"

"हो."

"मीपण," काका म्हणाले. "हलू नकोस."

आतून सांध्यांतला सरस पटाशीने खरवडून काढला. शेवटच्या पायाला टिचकी मारली आणि पोकळ आवाज आला. काकांनी करवत खाली ठेवली. चाराला वीस मिनिटं कमी होती.

"पाठीला वरच धर," त्यांनी गाणाऱ्याला सांगितलं. "एकदाच उचल. उचलून विचार करत बसू नकोस. आणि मागचे पाय आधी जमिनीला लागू देत."

गाणं सुरू झालं. या वेळी काकांना हसू आलं नाही. गाणाऱ्याने खुर्ची उचलली. धरली. फिरवली. ती डोक्यावर असताना काकांना वाटलं, सुटतेय. सुटली नाही. मागचे पाय जमिनीला लागले आणि खुर्ची फुटली. पाठ एका अंगाला गेली, पट्ट्या उडाल्या, एक पाय घरंगळत थेट दारापर्यंत गेला. गाणारा हातात उरलेली दांडी घेऊन तोंड हलवतच राहिला, कारण थांब असं कुणी म्हणालंच नव्हतं.

"कट!" टाचणीला उशिरा आठवलं.

मग सगळे ओरडले. कॅमेऱ्यात पुन्हा लावून बघितलं. काकांना मधे उभं केलं होतं. छोट्याशा पडद्यावर खुर्ची इतक्या सावकाश उघडत गेली की त्यांना एकेक सांधा सुटताना दिसला. आधी मागचा डावा, मग उजवा, मग पाठ. जसं ठरवलं होतं तसं, त्याच क्रमाने. आपलं काम असं आतून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"काका," टाचणी म्हणाली, "बरोब्बर मोडली."

काकांना चष्मा पुसायला लागला.

बाकं यायला सुरुवात झाली तेव्हा ड्रमवालीने न मोडलेली खुर्ची मागितली. तिचं स्वतःचं स्टूल करकरत होतं म्हणे. "घेऊन जा," काका म्हणाले, "जरा थांब." त्यांनी खुर्ची उलटी केली, कानावरची पेन्सिल काढली आणि फळीखाली लिहिलं, २११३. मग खाली वाकून मोडक्या तुकड्यांत शोधाशोध केली. बैठकीची फळी खिडकीखाली सापडली, एका कोपऱ्याला फुटलेली. तिच्याही मागे त्यांनी लिहिलं, २११४. आकडा सुबक यावा म्हणून चार हा पुन्हा एकदा गिरवला.

बायकोने दार उघडलं तेव्हा ती फळी त्यांच्या काखेत होती.

"हे काय आणलंत?"

"माझी खुर्ची. शेवटची."

"मोडली?"

"बरोब्बर मोडली," काका म्हणाले.

तिने फळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "गरम पातेलं ठेवायला होईल."

"पातेलं नाही ठेवायचं तिच्यावर."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग फळी पुन्हा उलटी केली, डोळ्यांजवळ धरून आकडा वाचला. ओटा पुसायचं फडकं घेऊन तिने फळीवरची धूळ पुसली, आकड्यावरून मात्र फडकं फिरवलं नाही, आणि खिडकीपाशी ती उभी करून ठेवली, नंबर घरातून दिसेल अशी.