ओळखा कोण?

भूम तालुक्यातून ज्योतीराम चाकणला आला त्याला चौदा वर्षं झाली होती. रबरी सील बनवणाऱ्या एका कंपनीत तो मापं तपासायचा. सील उचलायचं, गेज लावायचं, बरं असेल तर डाव्या ट्रेमध्ये, नसेल तर उजव्या. आठ तासांत त्याच्याशी कुणी चार वाक्यं बोललं तरी पुष्कळ.

पण 'अजब गजब चाकण' या ग्रुपवर त्याचा शब्द चालायचा. कंपनीच्या बसमधल्या अकरा जणांनी वेळ घालवायला काढलेला हा ग्रुप तीन वर्षांत सहाशेवर गेला होता. वेगवेगळ्या कंपन्यांतले लोक त्यात आले, वाकडची कॉम्प्युटरवाली पोरंही आली. आणि रोज सकाळी मोशीहून बस सुटली की ज्योतीराम एक लिंक टाकायचा. शिट्ट्या मारून एकमेकांशी बोलणारे डोंगरातले लोक. रस्त्यावर पडलेल्या एकेकट्या हातमोज्यांचे फोटो काढत हिंडणारी बाई. कोणत्या देशात कोंबड्यांना कशी हाक मारतात, त्याची आवाजासकट यादी. लोक त्याला 'लिंकवाले भाऊ' म्हणायचे. बायको विजयश्री चिडवायची, "घरात मीठ संपलेलं दिसत नाही, आणि जगातली कोंबडी बरी सापडते!" तो हसायचा. खरं तर त्याला त्यात फार बरं वाटायचं.

या सहाशेंत एक आदिनाथ होता. राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावातला, दुसऱ्याच कंपनीत पॅकिंगला. समोरासमोर कधी भेट नाही, पण ज्योतीरामची प्रत्येक लिंक तो उघडायचा आणि दोन ओळी लिहायचा. "भाऊ, कोंबड्यांचं आईला ऐकवलं. आईनं आपली हाक पण मारून दाखवली." बाकीचे अंगठे दाखवून पुढं जात. आदिनाथ वाचायचा.

मग वाकडचा आयुष नावाचा मुलगा व्हिडिओ टाकू लागला. कुणी चिखलात आपटतंय, कुणाची धोतराची गाठ सुटतेय. त्याला दोनशे-दोनशे हसरे चेहरे, आणि ज्योतीरामच्या लिंकेला सहा अंगठे. एक दिवस कुणीतरी लिहिलंसुद्धा, "भाऊ, तुमचं आता शाळेच्या पुस्तकासारखं होतंय राव." ते त्याच्या जिव्हारी लागलं. दिवसभर गेज लावताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

शनिवारी त्याला एका पेजवर बावीस सेकंदांची क्लिप सापडली. कारखान्याच्या सीसीटीव्हीमधली. टोपी, तोंडाला मास्क. एक कामगार हातात खोकं धरून उभ्या उभ्या झोपलेला. हळूहळू कलतो, कपाळ खांबाला टेकतं, दचकून जागा होतो आणि साहेब समजून खांबालाच नमस्कार करतो. ज्योतीराम एकटाच मोठ्यानं हसला. क्लिपखाली चारशे लोकांनीसुद्धा पाहिल्याची नोंद नव्हती. त्यानं लिंक ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "चाकणचा नवा चमत्कार. उभ्यानं निद्रासन! ओळखा कोण?"

पहिल्या अर्ध्या तासात तीनशे हसरे चेहरे आले. आयुषनं हात जोडले, "भाऊ, मानलं तुम्हाला!" आदिनाथनंही तीन हसरे चेहरे टाकले. "लय भारी भाऊ. आईला दाखवतो." रविवारी ज्योतीराम दिवसभर मोबाईल हातातून खाली ठेवत नव्हता.

लोक मात्र ओळखायला लागले होते. एकानं लिहिलं, खांबावरची पाटी बघा, ही तर आमचीच लाइन. दुसऱ्यानं कंपनीचं नावच टाकलं. तिसऱ्यानं टोपी घालायची पद्धत ओळखली. सोमवारी सकाळी कुणीतरी लिहून मोकळं झालं, "तिसऱ्या शिफ्टचा आदिनाथ. शंभर टक्के." मग ती क्लिप नावानिशी दुसऱ्या ग्रुपांवर गेली, तिथून आणखी कुठं कुठं. बुधवारी ठेकेदारानं आदिनाथचा गेटपास काढून घेतला. मोठ्या गिऱ्हाइकाच्या माणसानं क्लिप पाहून कंपनीत फोन केला होता म्हणे.

ही बातमीही ग्रुपवरच आली. तिच्याखालीही हसरे चेहरे होते.

ज्योतीरामनं पोस्ट काढून टाकली. त्याचा काही उपयोग झाला नाही. क्लिप आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होती. त्यानं आदिनाथला फोन लावले, उचलले नाहीत. शेवटी आदिनाथच्या गावचा ग्रुपवरचा एक जण, सयाजी, त्याला म्हणाला, "त्याची आई दोन वर्षं अंथरुणावर हाय. लकव्यानं एक अंग गेलंय. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासानं कूस बदलावी लागती. रात्रीची शिफ्ट सुटली की ह्यो घरी जाऊन दिवसभर तेच करतो. झोपणार कवा?"

ज्योतीरामनं हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चूक माझी आहे, मी माफी मागतो, आपण सगळे मिळून कंपनीला पत्र देऊ, असंही लिहिलं. उत्तरं भराभर आली.

"भाऊ सेंटी झाले."

"सगळ्यांच्याच आया आजारी असतात पकडल्यावर."

"आधी फोटो टाका आईचा. मग सही करू."

हे शेवटचं आयुषचं होतं. त्याला चाळीस अंगठे पडले.

आणि ज्योतीरामला तेच पटलं. फोटो टाकला की तोंडं बंद होतील, पत्रावर सह्या होतील, माणसाचं काम परत मिळेल. गुरुवारी त्यानं रजा टाकली. सफरचंदं घेऊन तो दुपारी राजगुरुनगरकडं निघाला.

घर सापडायला वेळ लागला नाही. आदिनाथच्या बहिणीनं, रंभानं दार उघडलं. आदिनाथ आईची पाठ पुसत होता. उठला नाही, नुसता म्हणाला, "या भाऊ. बसा." रंभाला म्हणाला, "च्या ठेव. लिंकवाले भाऊ आल्यात."

खाटेवरची म्हातारी, रुक्मिणीबाई, अर्ध्या तोंडानं हसली. "तुमीच व्हय? ह्यो समदं वाचून दाखवतो मला. शिट्ट्यांची मानसं लय आवडली बगा."

ज्योतीरामला मान वर करवेना. "आदिनाथ, मला माहीत नव्हतं रे. तोंड झाकलेलं होतं."

"मला तरी कुठं म्हायती व्हतं?" आदिनाथनं फडकं पाण्यात पिळलं. "मी बी हसलो की. आईनं वळखलं. म्हनली, ह्यो पोरगा किती दमलाय रं. मग म्हनली, तुज्यावानीच उभा हाय. तवा टोपी बघितली मी."

चहा आला. ज्योतीरामनं बशीत ओतला आणि तसाच धरून बसला. मग पत्राचं सांगितलं. सह्यांचं सांगितलं. शेवटी चाचरत म्हणाला, "लोक म्हणतात, आईचा एक फोटो असता तर..."

आदिनाथचा हात थांबला. त्यानं आधी आईच्या अंगावर चादर ओढली, अगदी गळ्यापर्यंत. मग पहिल्यांदा ज्योतीरामकडं नीट पाहिलं.

"क्लिप तुमी नव्हती काढली भाऊ. पडली व्हती कुठंतरी. कुनी बघत नव्हतं." त्याचा आवाज चढला नाही. "वळखा कोन, हे तुमी लिवलं. आता आईला बी वळखायला लावता का?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"च्या घ्या. निवतोय."

रुक्मिणीबाईला बोलण्यातलं काही कळलं नसावं. ती म्हणाली, "आज न्हाई का काय आनलं वाचायला?"

ज्योतीरामनं चहा घोट घोट करून संपवला, कारण उष्टा ठेवून उठणंही त्याला जमेना. निघताना आदिनाथ दारापर्यंत आला, चाकणच्या हमरस्त्यावरची गर्दी चुकवून आतल्या वाटेनं कसं जायचं ते नीट समजावून सांगितलं, आणि आत गेला.

फोटो आला नाही, तेव्हा ग्रुपवर ठरलं की आईचं सगळं बनावट होतं. ज्योतीरामनं एकट्यानं कंपनीला पत्र दिलं. गेटवरच्या माणसानं ते घेऊन टेबलाच्या खणात टाकलं. पुढच्या महिन्यात सयाजीकडून कळलं की आदिनाथ एका गोदामात हमालीला लागलाय, आणि रंभानं आपलं काम सोडून आईजवळ राहायचं ठरवलंय.

त्या गुरुवारी घरी परतल्यावर विजयश्रीनं विचारलं होतं, "काय म्हणाले? शिव्या दिल्या का?"

"नाही," ज्योतीराम म्हणाला. "चहा दिला."