ताण्याची टोकं

मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर कांचन ईराला अंगावर पाजत बसली होती, तेवढ्यात येवल्याकडच्या गावाहून आईचा व्हिडिओ कॉल आला. पैठणी मागावरून उतरली होती, जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं तेवढी लोंबत होती. त्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा गाठ मारून जोडायचा, माग म्हणून कधी रिकामा होऊ द्यायचा नाही, अशी घरची रीत. वडील गेल्यावर दोघी मायलेकींनी ती पाळली. जोडणी कांचनची, कारण आईला आता बारीक दिसत नव्हतं.

"चार दिवस ये गं," आई म्हणाली. "तुझी गाठ बोटालासुद्धा लागत नाही. नाहीतर मी टोकं कापते. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा बुजवला की तिथं तुझा भाऊ गाडी लावणार म्हणतोय."

कांचनने सासूबाईंकडे पाहिलं. "जाऊन येऊ का?"

"जा ना, मी कोण अडवणार?" त्या कोथिंबीर निवडत म्हणाल्या. "पोरगी तेवढी ठेवून जा. त्या धुळीत नाय न्यायची तिला."

तिच्या नवऱ्याने, सुबोधने, लॅपटॉपमधून मान वर केली नाही.

अंगावर पिणारं पोर ठेवून जायचं कसं, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"काप, आई," कांचन हळूच म्हणाली.

आईने फोन भिंतीला टेकवला आणि कात्री घेतली. "तू बघू नको. ठेव फोन."

कांचनने ठेवला नाही. एका हाताने ईराला थोपटत ती बघत राहिली.